विद्यार्थ्यांची ऱ्हस्वदृष्टि

इंग्लंडांत जेम्स वेअर नांवाचा एक नामांकित नेत्रवैद्य होऊन गेला. १८१३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचा एक निबंध छापला गेला. कोणाला दूरचें नीट दिसत नाहीं आणि कोणाला जवळचें, याची ती साधी विचारपूस होती. परंतु त्या काळचे वैद्य क्वचितच करीत अशी एक गोष्ट वेअरनें केली. त्यानें डोकीं मोजलीं.

राजाच्या पायदळ रक्षकांच्या तीन पलटणींत मिळून जवळ जवळ दहा हजार शिपाई होते. सुमारें वीस वर्षांच्या अवधींत दूरचें दिसत नाहीं या कारणानें त्यांतून काढून टाकावे लागलेले शिपाई सहासुद्धां भरले नाहींत. चेल्सी येथील सैनिकी शाळेंत तेराशें मुलें होतीं. मुद्दाम चौकशी केली तेव्हां तशी तक्रार सांगणारीं तीन निघालीं. मग वेअरनें ऑक्सफर्ड विद्यापीठांतील एका कॉलेजाची माहिती मिळविली. तेथें १२७ जणांपैकीं ३२ जण हातांतील भिंग किंवा चष्मा वापरीत होते. या ३२ पैकीं कांहींनीं केवळ फॅशन म्हणून कांच डोळ्यांशीं धरली असावी, अशी शंका खुद्द वेअरनेंच नमूद करून ठेविली आहे, आणि तरुण विद्यार्थ्यांचा स्वभाव पाहतां ती अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. परंतु फॅशनीसाठीं कितीही सूट दिली, तरी दहा हजारांत सहासुद्धां नाहींत आणि सव्वाशांत बत्तीस, हें अंतर कांहीं मिटत नाहीं. या एका अंतराचा अर्थ लावण्यांत पुढील दोनशें वर्षें गेलीं.

प्रथम हा दोष म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे. मराठींत ज्याला चाळिशी म्हणतात तो चष्मा निराळा. वय वाढलें म्हणजे डोळ्यांतील भिंगाची लवचिकता जाते, जवळचीं अक्षरें दिसेनाशीं होतात, आणि मग बहिर्गोल कांच लावावी लागते. विद्यार्थ्याचा चष्मा अंतर्गोल कांचेचा. त्याला हातांतील पुस्तक स्वच्छ दिसतें. फळ्यावरचीं अक्षरें मात्र धुकट दिसतात. प्रौढ माणसाच्या निकोप डोळ्याची पुढून मागें लांबी सुमारें २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरनें, म्हणजे तांदुळाच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी अशा मापानें, वाढली कीं दूरच्या वस्तूची प्रतिमा आंतल्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि अडीच-तीन नंबरचा चष्मा लागतो. एकदां लांबलेला डोळा पुन्हां आंखूड होत नाहीं. चष्मा ही तशी गैरसोयच. खरें भय निराळें आहे. डोळा फार लांबला म्हणजे आंतला पडदा ताणला जाऊन पातळ होतो. पुढें उतारवयांत तो सुटण्याचा, त्याचा मध्यभाग झिजण्याचा आणि कांचबिंदु होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. तेव्हां हा प्रश्न नाकावरील कांचेपुरता नाहीं.

अंतर्गोल कांचा युरोपांत पंधराव्या शतकांतच प्रचारांत होत्या. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा यानें १४६२ सालीं फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागविले. त्यांपैकीं एक डझन तरुणांसाठीं दूर पाहण्याचे, एक डझन वृद्धांसाठीं जवळ पाहण्याचे आणि एक डझन साधारण दृष्टीसाठीं असावेत, असें त्याच्या पत्रांत आहे. तरुणांना दूरचें दिसत नाहीं ही गोष्ट याप्रमाणें त्या काळच्या चष्मेवाल्यांच्या नित्याच्या व्यवहारांतली होती. कारण मात्र कोणी जाणत नव्हता. डोळ्याच्या मागील पडद्यावर प्रतिमा उमटते आणि अंतर्गोल कांच ती योग्य जागीं नेऊन बसविते, हें १६०४ सालीं केप्लरनें दाखवून दिलें. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या या ज्योतिष्याची स्वतःची दृष्टि अधू होती, ही गंमतीची गोष्ट. लहानपणापासून जे जवळच्या कामांत मग्न असतात, त्यांच्या डोळ्यांना तीच संवय जडते, असा विचारही त्यानें १६११ च्या ग्रंथांत मांडला आहे. पुस्तकावरचा आरोप इतका जुना आहे.

परंतु आरोप सिद्ध करण्यास मोजण्याचीं साधनें लागतात, आणि तीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थोडक्या वर्षांत एकामागून एक हातीं आलीं. हेल्महोल्ट्झनें १८५१ सालीं डोळ्याच्या आंत डोकावण्याचें यंत्र दिलें. आर्ल्ट यानें मृतांचे डोळे तपासून ऱ्हस्वदृष्टीचा डोळा लांबट असतो हें दाखविलें. स्नेलेनचा अक्षरांचा तक्ता १८६२ चा; आज प्रत्येक नेत्रवैद्याच्या भिंतीवर दिसतो तो त्याच्याच वंशांतला. १८६४ सालीं युट्रेख्टच्या डोंडर्सनें डोळ्याच्या सर्व दृष्टिदोषांची शास्त्रशुद्ध वर्गवारी केली. आतां फक्त एखादा चिकाटीचा माणूस हवा होता.

तो ब्रेस्लौ येथें निघाला. ब्रेस्लौ हें तेव्हां प्रशियाच्या राज्यांतलें शहर; आज तें पोलंडांत असून व्रोत्स्वाफ या नांवानें ओळखलें जातें. हेर्मान कोह्न हा तेथला तरुण नेत्रवैद्य; वय तिशीच्या आंत. १८६५ व १८६६ या दोन वर्षांत तो शाळांशाळांतून हिंडला आणि त्यानें १०,०६० मुलांचे डोळे तपासले. प्रथम ठराविक अंतरावरून अक्षरें वाचावयास लावावयाचीं, जीं मुलें अडखळतील तीं वेगळीं काढावयाचीं, मग एकेकाच्या डोळ्यांपुढें निरनिराळ्या कांचा धरून दोष किती तें ठरवावयाचें. एवढ्यावर तो थांबला नाहीं. वर्गांतील बाकांची उंची, बाक आणि मेज यांमधील अंतर, मुलांची उंची, खिडक्या कोणत्या बाजूस आणि किती, समोरच्या घराची भिंत उजेड अडविते काय, हें सर्व त्यानें टिपून घेतलें. १८६७ सालीं लाइप्झिगला त्याचें पुस्तक निघालें.

त्यांतील आंकडे असे. खेड्यांतील शाळांत ऱ्हस्वदृष्टीचीं मुलें शेंकडा १.४. शहरांतील प्राथमिक शाळांत ६.७. मधल्या दर्जाच्या शाळांत १०.३. शास्त्रीय विषय शिकविणाऱ्या दुय्यम शाळांत १९.७. लॅटिन-ग्रीकचे पाठ घोटून घेणाऱ्या आणि विद्यापीठाचा दरवाजा उघडून देणाऱ्या जिम्नाझियम शाळांत २६.२. त्या शाळांतसुद्धां सर्वांत खालच्या वर्गांत शेंकडा १२-१३, आणि चढत चढत सर्वांत वरच्या वर्गांत ५५ हून अधिक. शेवटीं कोह्ननें ब्रेस्लौ विद्यापीठांतील ४१० विद्यार्थी तपासले. त्यांत शेंकडा ६० ऱ्हस्वदृष्टि निघाले. नुसती संख्याच नव्हे, तर चष्म्याचा नंबरही वर्गागणिक वाढत जात होता.

या आंकड्यांनीं जर्मनीभर खळबळ उडाली. इतर शहरांतून व इतर देशांतून तशाच मोजण्या झाल्या. सेंट पीटर्सबर्ग येथें एरिसमाननें १८७१ सालीं चार हजारांवर विद्यार्थ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. १८९० च्या डिसेंबरांत बर्लिनला शिक्षणविषयक परिषद भरली, तेव्हां कैसर दुसरा विल्हेल्म यानें आपल्या कासेल येथील शाळेची हकीकत सांगितली: वर्गांत विद्यार्थी २१, त्यांपैकीं चष्मा लावणारे १८, आणि चष्मा लावूनही फळा न दिसणारे त्यांतच कांहीं. अर्थात् कैसरला चिंता होती ती सैन्यांत भरती होणाऱ्या तरुणांची. राजेलोकांना विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची आठवण बहुधा याच वाटेनें होते.

कोह्नची चिंता अधिक निर्मळ होती. त्यानें वर्गांतील बाकें मुलांच्या उंचीप्रमाणें करावीं म्हणून लिहिलें. बारीक छपाईविरुद्ध लिहिलें. प्रत्येक शाळेस वैद्य असावा म्हणून आयुष्यभर भांडला. खिडक्यांचें क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक पंचमांश असावें, असें त्यानें सुचविलें, आणि पुढें प्रकाशमापक यंत्र निघाल्यावर तें घेऊन तो पुन्हां वर्गांत शिरला. परंतु त्याच्या विचारांतील एक दुवा येथें ध्यानांत धरण्याजोगा आहे. उजेड कां हवा? तर उजेड कमी असला म्हणजे मूल पुस्तकावर ओणवें होतें, आणि ओणवें झाल्यानें डोळा बिघडतो. म्हणजे त्याच्या मतें अपराधी पुस्तकच. उजेडाचें महत्त्व पुस्तक दूर धरतां यावें एवढ्यापुरतें. त्याच्या हातीं प्रकाशमापक होतें, तें त्यानें मुलाच्या बाकावर ठेविलें. शाळेच्या अंगणांत ठेवून खेड्यांतील मूल दिवसांतून किती वेळ त्या अंगणांत असतें हें मोजण्याचें त्याच्या मनांत आलें नाहीं. यांत त्याला कमीपणा देण्याचें कारण नाहीं. वेअरचा शिपाई वाचीत नव्हता आणि दिवसभर उन्हांत उभा असे. कोह्नचें खेड्यांतलें मूल थोडें वाचीत होतें आणि शाळा सुटतांच रानांत पळत होतें. दोन गोष्टी सदैव जोडीनें येत होत्या. जोडी फोडून दाखवील असें उदाहरण कोणापुढें नव्हतें, आणि समोर दिसणाऱ्या पुस्तकावर सगळा आळ गेला.

हा आळ नुसता कागदावर राहिला नाहीं. त्याचा भुर्दंड मुलांना भरावा लागला. १९०८ सालीं लंडनमध्यें ऱ्हस्वदृष्टीच्या मुलांसाठीं पहिली निराळी शाळा निघाली. बिशप हार्मन या नेत्रवैद्याचा त्यांत पुढाकार होता. हेतु दयाळूपणाचा होता यांत शंका नाहीं. परंतु त्या शाळेंत मुलांच्या हातीं पुस्तक द्यावयाचें नाहीं असा नियम होता. शिक्षण तोंडीं, लिहिणें तें मोठाल्या काळ्या फळ्यांवर, हात लांब करून, मोठ्या अक्षरांत, बाकीचा वेळ हस्तकामांत. डोळे वांचावे म्हणून मुलाला वाचनापासून दूर ठेवण्याची ही रीत, त्याच्या पुढील आयुष्याचे कोणकोणते दरवाजे बंद करीत असेल, याचा अंदाज कोणत्याही शिक्षकास सहज करतां येईल.

नवल असें कीं, त्याच लंडन शहरांत पुढच्याच वर्षीं, १९०९ सालीं, कार्ल पिअर्सन आणि एमी बॅरिंग्टन यांनीं नेमकें उलट प्रतिपादन केलें. शाळेच्या परिस्थितीचा दृष्टीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाहीं. दृष्टि ही आईबापांकडून येते, असा त्यांच्या गणिताचा निष्कर्ष होता. १९१३ सालीं झ्यूरिकच्या श्टायगरनें तेंच मत भरभक्कम ग्रंथांत मांडलें. १९६२ सालीं सोर्सबीनें जुळ्या भावंडांचे डोळे तपासले, तेव्हां एकबीज जुळ्यांचे नंबर एकमेकांशीं विलक्षण जुळले. वैद्यकाच्या ग्रंथांतून शाळेवरचा आरोप हळूहळू पुसला गेला, आणि त्याबरोबर खिडक्या, बाकें व उजेड यांची डोळ्यांच्या दृष्टीनें होणारी विचारपूसही मंदावली.

जुळ्यांची साक्ष खोटी नव्हती. तिचा अर्थ मात्र मर्यादित होता. जोंधळ्याच्या एकाच शेतांत कोणतें ताट उंच होईल आणि कोणतें ठेंगणें राहील हें पुष्कळसें बियाण्यावर ठरतें. परंतु पाऊस न पडलेल्या सालीं सगळें शेतच खुजें राहतें, आणि त्याचें कारण बियाण्यांत शोधून सांपडत नाहीं. आनुवंशिकतेच्या पक्षानें एका शेतांतलीं ताटें मोजलीं होतीं. सालें मोजलीं तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. अलास्काच्या उत्तर टोकास बॅरो येथील एस्किमो कुटुंबांची तपासणी यंग व त्याचे सहकारी यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केली. दूर एकांतांत वाढलेल्या वडील पिढींतील १३१ जणांत ऱ्हस्वदृष्टि अवघे दोन; शाळेंत गेलेल्या मुलानातवंडांत निम्म्याहून अधिक! एकदोन पिढ्यांत रक्त एवढें पालटत नाहीं. इस्राएलमध्यें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेली मोजणी याहून बोलकी आहे. तेथील सनातनी ज्यू शाळांतून मुलगे धर्मग्रंथांचें पठण पहाटेपासून रात्रीपर्यंत करितात. मुलींवर तेवढा भार नसतो. ऱ्हस्वदृष्टीचें प्रमाण मुलग्यांत शेंकडा ८१, मुलींत ३६. कुटुंबें तींच, समाज तोच. १९७७ सालीं वीझेल आणि राव्हिओला यांनीं तर प्रयोगानें दाखविलें कीं, माकडाच्या पिल्लाची पापणी शिवून टाकली असतां त्याचा डोळा अधिक लांब वाढतो. डोळा काय पाहतो यावर त्याची वाढ अवलंबून असते, ही गोष्ट यानंतर नाकारण्यासारखी राहिली नाहीं.

याप्रमाणें शाळेवरचा आरोप परत आला. पण वेअरच्या काळची जोडी अजून फुटली नव्हती. ती २००८ सालीं फुटली. सिडनी आणि सिंगापूर या दोन शहरांतील चिनी वंशाचींच सहा-सात वर्षांचीं मुलें घेऊन कॅथरिन रोझ, इयन मॉर्गन आदि संशोधकांनीं तुलना केली. सिंगापूरच्या मुलांत ऱ्हस्वदृष्टि शेंकडा २९.१, सिडनीच्या मुलांत ३.३. वंश एकच. आईबापांतील दोषाचें प्रमाणही जवळ जवळ सारखें. आणि पुस्तकें? आठवड्यास अधिक पुस्तकें वाचणारीं मुलें सिडनीचीं होतीं! मोठा फरक एकाच बाबतींत निघाला. सिडनीचें मूल आठवड्यांत पावणेचौदा तास घराबाहेर उघड्यावर असे, सिंगापूरचें सुमारें तीन तास.

बाहेरच्या उजेडांत असें काय आहे? चांगल्या दिवे लावलेल्या वर्गांत प्रकाश काहींशें लक्स असतो. उघड्यावर झाडाच्या सांवलींतसुद्धां तो हजारोंनीं मोजावा लागतो, आणि भर उन्हांत लाखापर्यंत जातो. तीव्र प्रकाशानें डोळ्याच्या पडद्यांत डोपामीन नांवाचें द्रव्य स्रवतें आणि तें डोळ्याच्या वाढीला लगाम घालतें, अशी उपपत्ति आहे. पशुपक्ष्यांवरील प्रयोगांत तिला बळकट आधार मिळाला आहे.

यावरून पुस्तक निर्दोष सुटलें असें कोणी समजूं नये. ब्रिटनमधील सुमारें ६८ हजार माणसांच्या माहितीवरून २०१८ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, शिक्षणाच्या दर वर्षामागें दृष्टि सरासरीनें पाव डायॉप्टरहून किंचित् अधिक ऱ्हस्वतेकडे झुकते. म्हणजे सोळाव्या वर्षीं शाळा सोडणाऱ्यापेक्षां विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याचा नंबर एकानें तरी अधिक. या संशोधनांत जन्मजात गुणसूत्रांचा आधार अशा युक्तीनें घेतला होता कीं, शिक्षणामुळें दोष येतो कीं दोषामुळें मूल पुस्तकांकडे वळतें, हा जुना वाद मिटावा; उत्तर शिक्षणाच्या विरुद्ध गेलें. नॉर्वेंतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर तीन वर्षें लक्ष ठेविलें असतां विशीनंतरही सरासरी अर्ध्या डायॉप्टरची भर पडलेली आढळली. वाचनानें प्रत्यक्ष किती बिघडतें आणि वाचीत बसलेला माणूस खोलीबाहेर पडत नाहीं म्हणून किती बिघडतें, याची वांटणी शिक्षणाचीं वर्षें मोजून होत नाहीं.

कोह्नच्या शेंकडा साठांनीं युरोप हादरला होता. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत शांघाय येथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ९५.५ ऱ्हस्वदृष्टि निघाले, आणि दर पांचांत जवळ जवळ एकाचा दोष सहा डायॉप्टरहून अधिक, म्हणजे पडद्याला भय असलेल्या पायरीचा. त्याच सालच्या दुसऱ्या अहवालांत सेऊल येथील एकोणीस वर्षांच्या तरुणांत हें प्रमाण ९६.५ होतें. भारताची स्थिति अद्याप एवढी नाहीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिल्लीच्या शाळकरी मुलांत शेंकडा १३.१ आढळले.

विद्यापीठांत मोजला जाणारा हा दोष बहुतेक प्राथमिक शाळेंतच सुरू झालेला असतो, म्हणून उपायही तेथेंच करावा लागतो. चीनमधील क्वांगचौ शहरांत बारा प्राथमिक शाळा घेऊन त्यांपैकीं सहांत रोज चाळीस मिनिटांचा एक तास उघड्यावर ठेविला. तीन वर्षांत ऱ्हस्वदृष्टि नव्यानें आलेलीं मुलें तेथें शेंकडा ३०.४ झालीं, इतर सहांत ३९.५. तैवानांत काओश्युंगजवळच्या एका शाळेंत याहून साधी गोष्ट केली. अभ्यासक्रमांतला एक धडाही कमी केला नाहीं. तास संपल्यावर जी सुटी होते, तींत मुलांना वर्गाबाहेर अंगणांत जावयास लावलें, एवढेंच. दिवसाकांठीं तीं ऐंशी मिनिटें भरलीं. वर्षअखेर त्या शाळेंत नव्यानें दोष आलेलीं मुलें शेंकडा ८.४ निघालीं. जवळच्याच दुसऱ्या शाळेंत मुलें नेहमींप्रमाणें वागत होतीं, तेथें १७.६. २०१० पासून तैवानच्या सरकारनें मुलांनीं रोज दोन तास बाहेर असावें अशी मोहीम सर्व प्राथमिक शाळांत सुरू केली, आणि अनेक वर्षें वाढतच चाललेलें अधू दृष्टीच्या शाळकरी मुलांचें प्रमाण २०१२ नंतर प्रथमच उतरूं लागलें. २०१५ पर्यंत तें शेंकडा ४९ वरून ४६ वर आलें होतें.